सात टक्क्यांची मर्सिडीज आणि आमची पोरं

एप्रिल जवळ आला की दोन प्रकारची माणसे आम्हाला गाठतात. पहिली विचारतात, "तुमच्या पोरांना जयंतीला मर्सिडीज कशाला लागते हो? बाबासाहेबांनी तर पुस्तके वाचायला सांगितले होते ना?" दुसरी माणसे आमचीच असतात. ती छाती फुगवून सांगतात, "सर, बुधवार पेठेत मर्सिडीज आली. आता अजून काय पाहिजे?" पहिल्यांच्या दारात स्वतःची गाडी उभी असते आणि तिचा हिशेब त्यांना कधी कुणी मागितलेला नसतो. दुसऱ्यांच्या खिशात हप्त्याचे पुस्तक असते आणि त्यातले आकडे त्यांनी नीट वाचलेले नसतात. दोघांनाही उत्तर द्यायला हवे.

ज्या गाडीवरून हे सगळे चालले आहे ती मर्सिडीज ई-क्लास. तीही आजची नव्हे, जुन्या पिढीची. कंपनीच्या भाषेत तिला डब्ल्यू २१२ म्हणतात. ती २००९ मध्ये बाजारात आली आणि २०१६ मध्ये तिची जागा पुढच्या पिढीने घेतली. पुढून पाहिले की चार कोनदार दिवे, दोन इकडे दोन तिकडे. २०१३ नंतरच्या गाड्यांत ते जोडून एकेक केले, त्यामुळे दिवे पाहून गाडीचे वय ओळखता येते. आमच्याकडे दिसते ती बहुतेक चार दिव्यांचीच, म्हणजे आधीची. डिझेल गाडीच्या मागे 'ई २५०' लिहिलेले असते, पण इंजिन असते २१४३ सीसीचे. नाव मोठे आणि माप वेगळे, हे जर्मन लोकांनाही जमते म्हणायचे.

सोलापुरात ही गाडी लग्नाच्या वरातीला दिसते, नेत्याच्या वाढदिवसाला दिसते, जयंतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवरच्या साउंड सिस्टीमच्या पुढे सावकाश चालताना दिसते. नव्या छोट्या गाडीच्या किमतीत जुनी ई-क्लास मिळते, हे आता आमच्या प्रत्येक पोराला माहीत आहे. ती स्वस्तात का मिळते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

जरा मागे जाऊ. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव लागले. त्यासाठी सोळा वर्षे लढावे लागले. पोचीराम कांबळे गेले, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले, गावोगावी आमची घरे जळाली. त्याच १९९४ साली मर्सिडीज-बेंझ कंपनी भारतात आली आणि टेल्कोला सोबत घेऊन पुण्यात पाय रोवला. १९९५ पासून पिंपरी-चिंचवडला ई-क्लास जोडली जाऊ लागली. ती पिढी डब्ल्यू १२४. ही गाडी जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आली होती. आणि ज्या १९९५ साली ती पुण्यात तयार होऊ लागली, त्याच साली जर्मनीत तिची पुढची पिढी बाजारात उतरली. म्हणजे युरोपात जी गाडी निवृत्त होत होती, ती आमच्याकडे नवी कोरी म्हणून विकायला ठेवली. भारतातल्या श्रीमंतांना तो अपमान वाटला. आम्हाला जुनी पिढी का देता, म्हणून ते कुरकुरले, आणि कंपनीला जेवढ्या खपाची आशा होती तेवढा खप झाला नाही.

तो राग आम्ही समजू शकतो. दुसऱ्याने वापरून सोडलेले आपल्याला नवे म्हणून मिळावे, हा अनुभव आमच्या समाजाला अजिबात नवा नाही. फरक इतकाच की त्यांनी कुरकुर केल्यावर कंपनीने पुढची मॉडेल्स लवकर आणली. २००९ मध्ये चाकणला कंपनीचा स्वतःचा मोठा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी जगात आलेली डब्ल्यू २१२ त्याच वर्षी भारतातही आली. श्रीमंतांची तक्रार पंधरा वर्षांत मिटली.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. मराठवाड्यातले कार्यकर्ते तो विसरले नसतील, सोलापूरच्या नव्या पोरांना मात्र तो सांगावा लागतो. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, बिल्डर, डॉक्टर अशा मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी. औरंगाबादचे नाव देशाच्या नकाशावर आणायचे, मराठवाडा मागास नाही हे दाखवायचे, असा त्यामागचा विचार सांगितला गेला. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर फोटो छापले. त्या दीडशेंसाठी स्टेट बँकेने ४० कोटींहून जास्त कर्ज दिले, आणि ते ७ टक्के व्याजाने.

ही ७ टक्क्यांची गोष्ट देशाला कळली ती पी. साईनाथ यांच्यामुळे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'द हिंदू'त त्यांनी या मर्सिडीजच्या शेजारी एक ट्रॅक्टर उभा केला. कन्नड तालुक्यातल्या एका शेतकरी बाईने २००५ मध्ये ट्रॅक्टरसाठी ५.७५ लाखांचे कर्ज घेतले होते. व्याज १५.९ टक्के. तिने साडेसात लाख फेडले, तरी कर्ज सुटले नाही. शेवटी तडजोड म्हणून आणखी सव्वा लाख भरायला लावले.

हे आकडे दोनदा वाचा. जिल्हा तोच, आणि मालक असलेली सरकारी बँकही तीच. शेती रिझर्व्ह बँकेच्या नियमात प्राधान्य क्षेत्रात मोडते, बँकांना आपल्या कर्जाचा ठरावीक हिस्सा तिथे द्यावाच लागतो. मर्सिडीज कोणत्याही प्राधान्य क्षेत्रात येत नाही. तरी प्राधान्य असलेल्या वस्तूला १५.९ आणि प्राधान्य नसलेल्या वस्तूला ७. बँकेचे अधिकारी यावर 'जोखीम' हा शब्द वापरतात. मर्सिडीजवाला बुडवत नाही, ट्रॅक्टरवाला थकतो, म्हणून दर वेगळा. हा युक्तिवाद उलटा आहे. पावणेसहा लाखांवर साडेसात लाख देऊनही जो सुटत नाही, तो थकणार नाही तर काय करणार? आधी जड व्याज लावायचे, माणूस वाकला की त्याला वाकडा म्हणायचे आणि पुढच्या वेळी त्याच वाकडेपणाचा दाखला देऊन पुन्हा जड व्याज लावायचे. जातीचे काम वेगळ्या कोणत्या पद्धतीने चालते?

त्याच ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शेजारी आंध्र प्रदेशात काय घडत होते तेही लक्षात घ्या. सोलापूरचे तेलंगणाशी नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, आमच्या पूर्व भागातल्या अर्ध्या घरांत तेलुगू बोलतात, त्यामुळे तिकडची बातमी आमच्याकडे लगेच पोचते. मायक्रोफायनान्सच्या वसुलीला कंटाळून बायका जीव देत आहेत, अशा तक्रारी वाढल्या आणि तिथल्या सरकारला त्या कंपन्यांविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. पुढे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्सच्या व्याजावर मर्यादा घातली. किती? २६ टक्के. म्हणजे विडी वळणाऱ्या बाईने पाच-दहा हजार घेतले तर २६ टक्क्यांपर्यंत व्याज घेणे देशाच्या मध्यवर्ती बँकेला रास्त वाटले. २०२२ मध्ये तर व्याजावरची मर्यादाच काढून टाकली. एकाच महिन्यात एका शहरात ७ टक्क्यांवर मर्सिडीजची रांग लागते आणि शेजारच्या राज्यात गटकर्जावरून वटहुकूम निघतो, यावर आमच्या एम.ए.च्या वर्गात एकही तास झाला नाही. वेब्लेन मात्र झाला.

वेब्लेनचे सांगतो. १८९९ च्या पुस्तकात त्याने मांडले की श्रीमंत माणूस वस्तू वापरण्यासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त घेतो. आमच्या पोरांवर हाच शिक्का मारायला पुष्कळ लोक तयार असतात: बघा, दिखाऊपणा! पण वेब्लेन पहिल्या मालकाबद्दल बोलत होता. तीच वस्तू चौथ्या मालकाकडे येते तेव्हा काय होते, हे त्याने सांगितले नाही. ते आम्ही सोलापुरात बघतो.

होते असे. ७ टक्क्यांवर घेतलेली गाडी पाच-सहा वर्षे वापरून पहिला मालक नवी पिढी घेतो. कंपनी त्याचसाठी नवी पिढी काढते. दुसरा मालक पुण्याचा, तिसरा आणखी कुठला. २०१० च्या गाड्यांची नोंदणीची १५ वर्षे २०२५ मध्ये भरली. म्हणजे आता फेरनोंदणी, पर्यावरण कर, तपासणी. नेमके याच सुमाराला भाव कोसळतो आणि गाडी आमच्या वस्तीच्या तोंडाशी येते. या पिढीच्या सुरुवातीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनांचे इंजेक्टर जगभर बदनाम झाले होते. पहिल्या मालकाला ते वॉरंटीत बदलून मिळाले असतील, चौथ्याला वॉरंटी कुठली? गाडीची किंमत उतरते, पण सुट्या भागाची किंमत उतरत नाही. ई-क्लासचा आरसा फुटला तर तो ई-क्लासच्याच भावाने येतो, मग ती तुम्ही कितीला का घेतलेली असेना.

आणि व्याज? आमच्या ओळखीचा एक मुलगा आहे, वय सव्वीस, आई विड्या वळते, वडील गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करतात. त्याला वरातीला भाड्याने देण्यासाठी अशीच ई-क्लास घ्यायची होती. बँकेने सांगितले, गाडी जुनी, आम्ही कर्ज देत नाही. मग एक खासगी फायनान्सवाला भेटला. तो म्हणाला, तीन लाख देतो, शेकडा दोन, तीन वर्षे. पोरगा खूश. "सर, दोनच टक्के!" आम्ही वहीत मांडून दाखवले. शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. तेही पूर्ण मुदलावर, मुद्दल फिटत गेले तरी व्याज कमी होत नाही. तीन लाखांवर तीन वर्षांचे व्याज दोन लाख सोळा हजार. महिन्याचा हप्ता १४,३३३. मुद्दल फिटत जाते तसे व्याज कमी व्हायचे असा बँकेचा हिशेब लावला, तर हा दर वर्षाला ३९ टक्क्यांच्या आसपास जातो. आता हेच तीन लाख, तीच तीन वर्षे, औरंगाबादच्या ७ टक्क्यांनी घेतले असते तर हप्ता सुमारे ९,२६३ आणि एकूण व्याज साडेतेहतीस हजार. दोन लाख सोळा हजार कुठे आणि साडेतेहतीस हजार कुठे. साडेसहा कप्पे जवळजवळ!

पोरगा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गाडी उतरत उतरत आपल्याकडे येते आणि व्याज चढत चढत येते." हे वाक्य त्याचे आहे, आमचे नाही. श्रेणीबद्ध विषमतेची यापेक्षा सोपी व्याख्या आम्हाला वर्गात कुणी दिली नव्हती.

आता दुसऱ्या बाजूला उत्तर देतो. दलितांनी बाजारात उतरावे, उद्योजक व्हावे, वस्तू घ्याव्यात, त्यातून जात ढिली होते, असे मानणारा एक प्रवाह आहे. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी डिक्की स्थापन केली. चंद्रभान प्रसाद अनेक वर्षे हेच मांडत आहेत. त्यांची आम्ही टिंगल करत नाही. राजस्थान-गुजरातमधून घोड्यावर बसलेल्या आमच्या नवरदेवाला खाली उतरवल्याच्या बातम्या आजही येतात, तेव्हा वाहन ही फक्त हौस आहे असे कोण म्हणेल? अशोक खाडे यांचे उदाहरण सगळे देतात. सांगली जिल्ह्यातल्या पेड गावच्या चर्मकार कुटुंबातला मुलगा, आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायची, आणि पुढे तोच बीएमडब्ल्यूमधून गावात आला. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रानेही ते छापले. पण त्या गोष्टीत जर्मन गाडी शेवटी येते, आणि आपण वाचायला तिथूनच सुरुवात करतो. तिच्या आधी माझगाव डॉक येते. सरकारी गोदीत शिकाऊ म्हणून मिळालेली जागा, कायम नोकरी, तिथून पाणबुडीच्या कामासाठी जर्मनीला पाठवणी. तिथे जर्मन सहकाऱ्याची पगाराची चिठ्ठी हाती पडली आणि आपल्या वर्षाच्या पगाराइतके हा महिन्यात मिळवतो हे त्यांना दिसले, असे ते स्वतः सांगतात. म्हणजे बीएमडब्ल्यूच्या आधी त्यांनी जर्मनीतला एक कागद वाचला होता. आज सरकारी कारखान्यात शिकाऊ म्हणून शिरायला आमच्या किती पोरांना दार उघडे आहे? सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी तर शोभेला उरली. ते दार बंद करून गाडीचे शोरूम उघडे ठेवायचे, याला भांडवलशाहीने जात मोडली असे म्हणणे आम्हाला पटत नाही.

आणि ज्यांना पुस्तकांचा पुळका येतो त्यांनी बाबासाहेबांचेच थोडे वाचावे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये मसूर स्टेशनावरची हकीकत आहे. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले, अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. तरीही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेतले आणि गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले. चाळीसगावला १९२९ मध्ये टांगेवाल्याने अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे कमीपणाचे मानले, म्हणून शिकाऊ माणसाने लगाम धरला आणि बाबासाहेब पुलावर फेकले गेले. दुप्पट भाडे आणि वर स्वतःच हाका, ही अट लक्षात ठेवा. साडेसहापट व्याज आणि वर इंजेक्टर स्वतःच बदला, ही तिचीच आजची आवृत्ती आहे. १९१८ मध्ये शेतीच्या छोट्या तुकड्यांवर लिहितानाही त्यांनी हेच दाखवले होते, की नुसता शेताचा आकार बघून काही कळत नाही, त्यावर भांडवल किती लागते आहे ते बघा. आम्ही मर्सिडीजबद्दल तेच म्हणतो.

एक बारीक गोष्ट राहिली. वस्तीतल्या दुसऱ्या एका गाडीचा सौदा आमच्यासमोर झाला. मागच्या काचेवर निळ्या अक्षरात 'जय भीम' होते. घेणारा एजंट गाडीभोवती फिरला, टायर बघितले, बॉनेट उघडून इंजिन ऐकले आणि म्हणाला, "काच साफ करून आणा, मग भाव बोलू." किलोमीटर, अपघात, विमा, कशाबद्दलही त्याची तक्रार नव्हती.

तर त्या मुलाचे पुढे काय? पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे कायद्यात बसत नाही, हे त्याला फायनान्सवाल्याने सांगितले नव्हते. एकदा पकडली असती तर हप्ता आणि दंड दोन्ही बोकांडी बसले असते. ई-क्लासचा नाद त्याने सोडलेला नाही आणि आम्ही सोडायलाही सांगितले नाही. फक्त आधी पिवळ्या पाटीची नवी प्रवासी गाडी आणि रीतसर व्यवसाय, असे ठरले. स्टँड-अप इंडियाचा नियम आम्ही छापून त्याच्या हातात दिला: १० लाख ते १ कोटी, प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती किंवा जमातीच्या निदान एका माणसाला आणि एका महिलेला द्यायचे. २०१६ मध्ये आलेली योजना. आम्ही तीन शाखांत विचारले, तुमच्या शाखेतला तो एक माणूस कोण? एकीकडे साहेब रजेवर होते, दुसरीकडे योजनाच ऐकलेली नव्हती, तिसरीकडे सरकारी नोकरीतला जामीनदार आणा म्हणाले, जो त्या योजनेच्या कागदात आम्हाला कुठे सापडला नाही. तरीही वस्तीतल्या एका शिक्षकांनी सही करायची तयारी दाखवली आहे.

माहितीच्या अधिकारात तिन्ही शाखांना अर्ज गेले आहेत: किती कर्जे दिली, कोणत्या प्रवर्गाला, किती टक्क्यांनी. आणि त्याच काळात चारचाकी गाड्यांसाठी दिलेला सर्वात कमी दर कोणता, हा एक प्रश्न त्या मुलाने स्वतःच्या अक्षरात खाली जोडला. ज्या कार्यकर्त्यांना आपल्या शहरात हाच अर्ज करायचा आहे त्यांनी मसुदा मागून घ्यावा. येत्या मंगळवारी शिक्षकांचे पगारपत्रक घेऊन आम्ही पुन्हा बँकेत जात आहोत.